पायाळूच्या टाचेखाली

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. ब्राह्मणपुरी

अंगणवाडीतलं काम सोडून तीन वर्षं झाली, पण रोज काहीतरी लिहून ठेवायची खोड गेली नाही. पूर्वी बालकांची वजनं लिहायची, आता घरचं लिहिते. तपासायला कुणी पर्यवेक्षिका येत नाही, एवढं सुख पुरे आहे.

आज सकाळी नेहमीचंच. हे केळीच्या बागेतून आले, चपला काढल्या आणि ओट्यावरच्या चटईवर पालथे पडले. "ओ भूमीनी माय, लाव पाय." मी पीठ मळत होते. हात धुतले, पदर खोचला आणि डावा पाय यांच्या कमरेखाली तीनदा लावला. शेजारची जसोदाबाई कुंपणाआडून बघत होतीच. "देखा, रंजनानं मालकले लाथ मारी दिन्ही!" हा विनोद तिने आजवर हजारदा केला असेल, आणि दरवेळी सगळ्यांच्या आधी ती स्वतःच हसते.

मी पायाळू. आईच्या पोटातून बाहेर येताना आधी पाय काढले, डोकं नंतर. पायाळूचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण जाते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. मला तर शाळेतून बोलावून न्यायचे. चौथीत असताना आमच्या गुरुजींचीच कंबर धरली. वर्गाला सतराचा पाढा घोकायला लावून ते मागच्या खोलीत पालथे झोपले. ज्यांच्या छड्या खाल्ल्या त्यांच्या पाठीवर पाय द्यायचा, वर गुळाचा खडा मिळवायचा! तो दिवस आठवला की आजही हसू येतं.

"फरक शे का?" मी यांना विचारलं.

"शे ना. भलता फरक शे."

उठताना मात्र यांनी भिंत धरली. वय बासष्ट, त्यात दिवसभर ट्रॅक्टरची ती दणके देणारी सीट. कंबर कुरकुरणारच.

१९ नोव्हेंबर

हे हल्ली स्कूटरच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून त्यावर बसतात. "मन्ही गादी" म्हणतात तिला. जेवायला मात्र उभेच राहतात. मी म्हटलं, लग्नातल्या बुफेची सवय लागली का? नुसते हसले.

शहाद्याच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी कमरेचा एमआरआय काढायला लावला होता. मणक्यातली गादी थोडी दबली आहे, वयामानाने होतं, असं म्हणाले. संडासला त्रास होतो म्हणून दुसऱ्यांनी मूळव्याधीची पावडर दिली. पावडर संपली, त्रास तसाच आहे. माझा पाय चालू आहे. निदान त्याने तरी बरं वाटतं यांना.

२९ नोव्हेंबर

भूमिकाचा सुरतहून व्हिडिओ कॉल. मुलगी आमची एकुलती, आणि वकील व्हायला हवी होती अशी. मागे बाप उभ्याने भाकरी खाताना तिला दिसला. झालं. "मम्मी, आप्पा कितला दिनफाईन उभा राहीसन जेवतस?" मी म्हटलं, दिवाळीपासून. तर मागून हे बोलले, "आखाजीफाईन." आखाजी म्हणजे मे महिना. मला कसं कळलं नाही? मी तर रोज समोर बसून जेवते.

सोमवारी नंदुरबारला डॉ. योगिता यांच्याकडे न्यायचं ठरलं. हाडांच्या डॉक्टर आहेत, भूमिकाच्या मैत्रिणीची बहीण.

२ डिसेंबर, सोमवार

डॉ. योगिता वयाने भूमिकाएवढीच असेल. आधी तिने गप्पा मारल्या. बसल्यावर जास्त दुखतं की चालल्यावर? झोपेतून जाग येते का? लघवीला जोर करावा लागतो का? या शेवटच्या प्रश्नाला हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मग तिने मला बाहेर पाठवलं आणि मागच्या बाजूने बोट घालून तपासलं. हे बाहेर आले ते कानापर्यंत लाल होऊन.

तिने गेल्या वर्षीचा एमआरआय खिडकीच्या उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. "काकू, हा फोटो कुठं संपतो बघा." फोटो कमरेच्या खाली जेमतेम दोन बोटं जाऊन संपला होता. "बोटाला जे लागलं ते याच्या खाली आहे. फोटोत ते आलंच नाही."

रिपोर्टात 'गादी' शोधली, गादी सापडली, आणि सगळे खूश होऊन घरी गेलो. मीसुद्धा.

५ डिसेंबर

नवा एमआरआय झाला. कमरेखाली, माकडहाडाच्या वर, एक तिकोनी हाड असतं. त्या हाडात गाठ आहे. मोठी आहे, आतल्या अंगाला जास्त वाढली आहे आणि थोडी बाहेर पाठीकडेही आली आहे.

डॉ. योगिता म्हणाली, "एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हिला कुणालाही हात लावू देऊ नका. चिरा नाही, लेप नाही, सुईसुद्धा नाही. जो डॉक्टर ऑपरेशन करणार, तुकडा काढायची सुई त्यानेच घालायची. नाहीतर गाठीचे कण वाटेत सांडतात आणि तिथं पुन्हा वाढतात." तिने सुरतच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या भाग्येश डॉक्टरांना समोरच फोन लावला.

'कुणालाही हात लावू देऊ नका' म्हणाली. पायाचं मी विचारलं नाही.

६ डिसेंबर

माळ्यावरून या वर्षाची पहिली वही काढली. कशासाठी काढते आहे ते मला माहीत होतं.

सापडलं. १० मे, आखाजीचा दिवस. माझंच अक्षर: 'आज पाय लावताना यांच्या माकडहाडाच्या वर टाचेला काहीतरी टणक लागलं, कच्च्या लिंबाएवढं. हाड वर आलं असेल. वाळत चाललेत. तूप वाढवायला हवं.'

तूप वाढवायला हवं, म्हणे. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना बोट दाबून बघत आले. सूज दिसली की दवाखान्यात पाठव, गाठ दिसली की दवाखान्यात पाठव. आणि स्वतःच्या नवऱ्याला तूप वाढलं.

वही परत माळ्यावर ठेवली. मग पुन्हा काढली आणि पिशवीत घातली. का, ते सांगता येत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार. दत्तजयंती

सुरतेला निघालो. गाडी पकडायला जाताना वाटेत सारंगखेड्याची यात्रा. घोडेच घोडे. रस्ता तुंबला होता म्हणून जीपवाला थांबला, आणि हे मागच्या सीटवर एका कुशीवर आडवे होते ते उठून बघायला लागले. "तो पांढरा देख. चाल देख तेन्ही."

आमचं लग्न याच यात्रेत ठरलं. माझं वय एकोणीस. आम्ही बहिणी बांगड्या बघत होतो आणि जिलबीच्या दुकानाशी एक बाई कंबर धरून ओरडत होती. माझे काका गप्प बसतील तर शपथ. "मन्ही पुतणी पायाळू शे!" भर बाजारात त्या बाईला कुणाच्या तरी घोंगडीवर पालथं झोपवलं आणि मी लाजत लाजत पाय लावला. बाई उठली. चालून बघितलं. वाकून बघितलं. मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "हाऊ पाय मन्हा घरम्हा पाहिजे." ती रेवाबाई, माझी सासू. होणाऱ्या सासूला आधी लाथ आणि मग नमस्कार करणारी पंचक्रोशीत मी एकटीच असेन.

त्या वेळी मागे एक सडपातळ पोरगा हातात दोन जिलब्या घेऊन उभा होता. एक आईसाठी, एक स्वतःसाठी. त्याने स्वतःची मला दिली. यांना आज विचारलं, आठवतं का? म्हणाले, "ती मायनी व्हती. मन्ही मी खाई टाकी." मला इतकी वर्षं उलटंच वाटत होतं.

खूप हसलो आम्ही. जीपवाल्याला वाटलं असेल, लग्नाला चाललेत.

१७ डिसेंबर. सुरत, उधना

भूमिकाच्या घरी मुक्काम. जावई भला माणूस, सकाळी लवकर कामावर जातो. या भागात निम्मे लोक खानदेशी आहेत, खाली भाजीवालीसुद्धा "काय लेती माय?" विचारते. परकं वाटत नाही.

आज सुई घालून तुकडा काढला. भाग्येश डॉक्टर उंच, बारीक, मिश्या नसलेले. गुजरातीत सुरू करतात, माझ्याकडे बघून हिंदीवर येतात आणि यांच्याकडे बघून मोडक्या मराठीवर. सुई जिथे घातली तिथे त्यांनी खूण करून ठेवली. ऑपरेशनच्या वेळी तो सुईचा रस्ताही कापून काढणार आहेत.

३० डिसेंबर

गाठीला नाव मिळालं. कॉर्डोमा, हाडाचा एक कॅन्सर. दहा लाख माणसांत वर्षाला एखाद्याला होतो, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे आमच्या सगळ्या जिल्ह्यात वर्षभरात एक-दोन. हे म्हणाले, "लॉटरी कधी लागनी नही आमले, अन् हाई लागनी."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. बाळ आईच्या पोटात अगदी लहान असतं, तेव्हा पाठीचा कणा व्हायच्या आधी तिथे एक मऊ दोरी असते. तिच्याभोवती मणके तयार होतात आणि मग दोरी विरून जाते. एखाद्याच्या अंगात तिचा कण मागे राहतो. तो पन्नास-साठ वर्षं गप्प बसतो आणि कधीतरी वाढायला लागतो. कुणाची चूक नाही. ट्रॅक्टरचीही नाही.

यांनी चित्रातल्या दोरीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मन्ही मायनी पोटम्हानं शे हाई?"

यांच्या आधीची तीन भावंडं गेली. हे जन्मले तेव्हा दैवाची नजर लागू नये म्हणून रेवाबाईंनी यांना उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचलून आणलं आणि मूठभर ज्वारी देऊन परत घेतलं. म्हणून नाव धुडकू, म्हणजे टाकलेला. आईविषयी बोलताना यांचा आवाज अजून लहान होतो.

"बासष्ट वरीस सांभाळी ठेवं," हे म्हणाले. "आते डॉक्टरसाहेब, तुम्ही काढी ल्या."

जिने उतरताना मला वाटून गेलं, आम्ही दोघं जन्मतानाच काहीतरी जास्तीचं घेऊन आलो. माझं लोकांनी डोक्यावर घेतलं. यांचं कुणाला दिसलं नाही.

६ जानेवारी २०२५

आज सगळं सांगितलं. या गाठीवर केमोचा उपयोग होत नाही. हाडाचा खालचा भाग गाठीसकट अखंड काढायचा, गाठ न फोडता. पण त्याच हाडातून लघवीच्या आणि संडासच्या नसा जातात. खालच्या जातीलच. त्यांच्या वरची जोडी गाठीला टेकलेली आहे. एक बाजू वाचली तरी काम चालू शकतं. दोन्ही गेल्या तर जन्मभर लघवी नळीने काढायची आणि संडासला पोटावर पिशवी.

"टेबलावर नस आडवी आली तर काय करू, ते तुम्ही आधी सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "नस वाचवली आणि गाठीचा थर मागे राहिला, तर ती परत येणार. मग मला फार काही करता येणार नाही."

यांनी विचार करायला एक मिनिटही घेतलं नाही. "नस वाचाडा. गाठ ऱ्हायनी ते ऱ्हाऊ द्या."

मी काही बोलायच्या आत हे दाराकडे वळले. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, परवा सांगा.

७ जानेवारी

दिवसभर भांडण. भूमिका रडून बघते, मी ओरडून बघते. यांचं एकच: "पिशवी लटकाईसन गावम्हा कसा फिरू? बागम्हा माणसं काय म्हनतीन?"

"अन् मरशात ते बागले पानी कोन देई?" मी म्हटलं.

"तू दे."

मी ताट आपटलं. लेकीच्या घरचं ताट, तिच्या सासूने दिलेलं. पोचा पडला.

८ जानेवारी

दुपारी भूमिका औषधं आणायला गेली. हे गॅलरीत उभे होते, रेलिंगवर कोपर टेकून. मी पिशवीतून वही काढली आणि १० मेचं पान वाचून दाखवलं. मोठ्याने, तुपासकट. यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. माझ्या टाचेला आठ महिन्यांपूर्वी गाठ लागली होती आणि मी पोळीवर तूप जास्त घातलं.

खाली एक केळीची गाडी उभी होती, हे तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तुन्हा पायनं काही फरक पडे नही, रंजना."

"काय?"

"दोन वरीस व्हयनात. एक दिन बी फरक पडना नही."

"मंग रोज 'भलता फरक शे, भलता फरक शे' काब्र म्हनेत? रोज पालथा काब्र पडेत?"

यांनी मान खाजवली. "तितला येळ तू मन्हाजोडे ऱ्हास. बाकी दिनभर तुन्ह्या वह्या, तुन्ह्या बाया, तुन्हा फोन. सकायले पाच मिनिटं तू फक्त मन्ही कंबर देखस."

मला भयंकर राग आला. दोन वर्षं! माझा पाय नसता तर कधीच दवाखान्यात गेले असते, असं मी म्हटलं. तर म्हणतात, "तू पाय नही लावती तरी मी जातू नही. माले भ्या वाटे." एवढं सरळ यांनी मला काही सांगितल्याचं आठवत नाही.

मी खुर्चीवर बसले आणि रडले. हे उभेच, बसता येत नाही ना. माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. थोड्या वेळाने विचारलं, "पिशवी बसाडी ते तू बदलशी का?"

मी 'हो' म्हणणार होते. हजार वेळा बदलीन म्हणणार होते. पण तोंडातून दुसरंच आलं. "नही. तुम्ही सोता बदलशात. मी शिकाडसू. रोज मी काब्र करू? मी काय नोकर शे का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मग जोरात हसले.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. "साहेब, जे काढनं शे ते सगळं काढा." माझ्या रडण्याने ऐकले म्हणायचं की काय, मला कळत नाही. भूमिका म्हणते, "मम्मी, तुले खरंच समजनं नही का?" नाही समजलं.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी साडेसातला आत नेलं. संध्याकाळी साडेपाच झाले. अजून बाहेर नाहीत. लिहिण्यासारखं काही नाही, फक्त हात रिकामे राहिले तर बरं वाटत नाही.

सहा पस्तीस. जिवंत आहेत. डॉक्टर म्हणाले, गाठ अखंड निघाली. उजव्या बाजूची नस कापावी लागली. डाव्या बाजूची अगदी काठावरून सोडवता आली. "वाचली का?" मी विचारलं. "जागेवर आहे," ते म्हणाले. "काम करेल की नाही, ते मला आज सांगता येणार नाही." पोटावर पिशवी लावायची वेळ आली नाही. संडासचं सवयीने आणि औषधाने जमेल, वेळ लागेल.

१४ जानेवारी. संक्रांत

आख्खी सुरत गच्च्यांवर. हॉस्पिटलच्या खिडकीतून पतंगच पतंग. हे पालथे झोपलेले, पाठीवर महिनाभर झोपायचं नाही. मान वळवून खिडकी बघतात आणि मला सांगतात कुणाचा कटला.

नर्सने यांच्या दोन्ही पायांना आळीपाळीने कापूस लावून विचारलं. डोळे मिटून बरोबर सांगितलं, कुठला पाय, कुठलं बोट. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

२४ जानेवारी

तपासणीचा कागद आला. काढलेल्या भागाच्या सगळ्या कडा स्वच्छ. भाग्येश डॉक्टर पहिल्यांदाच सबंध हसले. आता दर सहा महिन्यांनी एमआरआय, पुढची कित्येक वर्षं. हे म्हणाले, "पुरा फोटो काढजात हां साहेब. अर्धा नको."

१२ फेब्रुवारी. उधना

गेल्या आठवड्यात लघवीची नळी काढून बघितली. सकाळी आठ ते दुपारी दोन. पाणी पाजलं, नळ सोडून ठेवला, पोटावर गरम पिशवी ठेवली. काही झालं नाही. पोट दगड झालं, यांना घाम फुटला आणि शेवटी पुन्हा नळी घातली. वर्षभरात कधीतरी सुरू होईल किंवा होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

नर्सने यांना स्वतः बारीक नळी घालायला शिकवलं. चार तासांनी एकदा, हात साबणाने धुऊन. मी आरसा धरून उभी. पहिल्यांदा यांना इतका वेळ लागला की मला नळी हिसकावून घ्यावीशी वाटली. घेतली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू जाय आते. माले येस."

दरवेळी नळी घालायच्या आधी पाच मिनिटं आपणहून प्रयत्न करून बघायचा, असं सांगितलं आहे. हे दार लावून घेतात. मी बाहेर काहीतरी निवडत बसते आणि काही विचारत नाही.

४ मार्च. ब्राह्मणपुरी

घरी आलो. काठी धरून अंगणातून चालत गेले, आधी केळीकडे, मग घरात. जसोदाबाईने "उनी वं रंजना, उनी!" म्हणत ओवाळलं. मालक म्हणजे यात्रेत न विकलेला घोडा, म्हणाली, नुसती हाडं.

११ मार्च

बागेतला गोवाल आला. डोंगरातल्या गावचा, आमच्याकडे घड तोडायला असतो. "बाय, कंबर धरी लिनी. पाय लाव ना."

मी चटई घातली नाही. आधी विचारलं, बसल्यावर दुखतं का? झोपेतून उठवतं का? पायाला मुंग्या येतात का? लघवीला त्रास होतो का? बिचारा घाबरून दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं मी सरकारी माणूस झाले पुन्हा. काल घड उचलताना चमक भरली, एवढंच निघालं. मग लावला पाय. पण नियम सांगितला, जो आता सगळ्यांना सांगणार: तीन दिवस माझा पाय, चौथ्या दिवशी दवाखाना. आणि टाचेला काही टणक लागलं तर त्याच दिवशी.

ओट्यावर उभ्या उभ्या हे ऐकत होते. सकाळची ती पाच मिनिटं आता आम्ही चहा पितो. हे उभ्याने, मी बसून.

१५ मार्च

होळी झाली. दिवसातून पाच वेळा दार लागतं. पाच मिनिटं काही ऐकू येत नाही, मग नळीचं पाकीट फाडल्याचा आवाज येतो. आज यांनी विचारलं, "व्हई का गं कधी?" मी म्हटलं, होईल. मला काय माहीत? मी काय डॉक्टर आहे?

१९ मार्च, बुधवार

सकाळी मी आणि जसोदाबाई अंगणात पापडाचं पीठ कुटत होतो. नऊ वाजले, हे आत गेले, दार लागलं. मी कुटत राहिले. जसोदाबाई तिच्या सुनेविषयी काहीतरी सांगत होती.

यांच्यासारखा लाजाळू माणूस मी पाहिला नाही. संसाराला चाळीसेक वर्षं होत आली, पण लघवीला जातो असं यांनी मला कधी सांगितलं नाही. "जरा बाहीर जाई येस" म्हणायचे आणि मान खाली घालून जायचे. पाहुणे असले तर तेही नाही.

आणि आज आतून अशी आरोळी आली की कुंपणावरचे कावळे उडाले.

"रंजना! ओ रंजना! उनी! उनी वं!"

माझ्या हातातलं मुसळ खाली पडलं. पिठाचा गोळा पायावर पडला.

जसोदाबाई कपाळावर हात धरून फाटकाकडे बघायला लागली. "कोन उनी? भूमी उनी का? माले ते कोनीच दिखत नही."

"उनी, माय," मी म्हटलं. "भलती वाट देखाडी तिनं."